पेट्रोलच्या जीपमध्ये डिझेलचे इंजिन

पालघर, मनोर, विक्रमगड, जव्हार या पट्ट्यात गोल दिव्यांची, कापडी छताची एखादी जुनी जीप अजूनही अधूनमधून दिसते. जीप मूळची पेट्रोलची. पण चालू झाली की आवाज येतो तो शेतातल्या ट्रॅक्टरचा. कोणीतरी केव्हातरी तिचे मूळ इंजिन काढून तेथे डिझेलचे बसवलेले असते. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे या भागात लेथवर काम करणाऱ्यांची आणि वेल्डिंग करणाऱ्यांची वाण नाही. तेव्हा असे उद्योग येथे होत आले, यात नवल नाही.

अशा जीपच्या मालकाला विचारा. तो दोन गोष्टी हमखास सांगेल : गाडीची ओढ वाढली आणि इंधनाचा खर्च जवळजवळ निम्म्यावर आला. ही दोन्ही विधाने आपण शाळेत शिकलेल्या भौतिकशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहणार आहोत. आधीच सांगून ठेवतो, की त्यांपैकी एक बरेचसे खरे आहे आणि दुसरे अर्धेच खरे आहे. शिवाय तिसरी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही. ती घाट उतरतानाची आहे.

प्रथम थोडा इतिहास. अमेरिकेच्या विलीज कंपनीची जीप दुसऱ्या महायुद्धात नावारूपाला आली. तिच्या इंजिनाचे आकारमान २,१९९ घन सेंटिमीटर होते आणि मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर ते ६० अश्वशक्ती देई. युद्धानंतर महिंद्र कंपनीने ही जीप भारतात आणली. १९४९ साली मुंबईत माझगावच्या कारखान्यात तिची जुळणी झाली, आणि पुढे त्याच घराण्यातल्या जीपगाड्या येथेच तयार होऊ लागल्या. जंगल खाते, पाटबंधारे खाते, सर्व्हेचे लोक अशा सगळ्यांच्या त्या कामी आल्या. गाडी दणकट खरी, पण पेट्रोल भरपूर पिणारी.

१९७३ च्या तेलसंकटात कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत सुमारे चौपट झाला. भारतात पेट्रोलवरचा कर डिझेलवरच्या करापेक्षा कितीतरी जास्त होता, त्यामुळे पेट्रोलची गाडी बाळगणे अनेकांना जड जाऊ लागले. महिंद्रच्या घरातच उत्तर तयार होते. इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीच्या सहकार्याने १९६३ साली स्थापन झालेली ट्रॅक्टर कंपनी बी-२७५ नावाचा ट्रॅक्टर बनवीत होती. त्या घराण्याचे डिझेल इंजिन सत्तरीच्या दशकात जीपमध्ये बसवले गेले. म्हणजे इंजिन बदलण्याचा हा खटाटोप गॅरेजांतच झाला असे नव्हे. खुद्द कारखान्यानेही तो केला. १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून एक्सडीपी ४.९० या इंजिनाचा परवाना घेतला गेला आणि ती इंजिने आपल्या इगतपुरीला बनू लागली. या नावातच इंजिनाची कुंडली आहे : ४ सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. दट्ट्याची धाव ८३ मिलिमीटर होती. आता वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरून इंजिनाचे आकारमान तुम्हीच काढा. उत्तर २,११२ घन सेंटिमीटर यायला हवे.

कारखान्याने वाट दाखवल्यावर जुन्या गाड्यांचे मालकही त्याच वाटेने गेले. कोणी अपघातात सापडलेल्या डिझेल जीपचे इंजिन घेतले, कोणी ट्रॅक्टरचे, कोणी मॅटाडोरचे. कुर्ल्याच्या भंगार बाजारात असा माल मिळे.

आता इंजिनाच्या पोटात शिरू. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ बाहेरच मिसळून आत घेतात, दट्ट्या ते मिश्रण दाबतो आणि मग विजेची ठिणगी ते पेटवते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नाही. आत जाते ती नुसती हवा. ती इतकी जोरात दाबली जाते की तापून लाल होण्याजोगी होते. त्या तप्त हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून धरून भराभर पंप मारा. पंपाचे टोक गरम लागेल. मलाया भागातले लोक फार पूर्वीपासून याच तत्त्वावर चालणारी एक लहानशी नळी विस्तव पेटवायला वापरीत. नळीत दांडा सपकन दाबला, की तळाशी ठेवलेला कापसासारखा भुसा पेटे.

हवा किती तापते? हवेला उष्णता बाहेर टाकायला वेळच मिळाला नाही असे धरू. मग निरपेक्ष तापमान हे आकुंचनाच्या पटीच्या ०.४ व्या घाताच्या प्रमाणात वाढते. जुन्या जीपच्या पेट्रोल इंजिनात आकुंचन साडेसहा पट होते. बाहेरची हवा ३० अंश सेल्सिअस, म्हणजे ३०३ केल्व्हिन असेल, तर आतली हवा सुमारे ६४० केल्व्हिन, म्हणजे ३७० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. डिझेलच्या इंजिनात आकुंचन साधारण २० पट धरले तर तीच हवा सुमारे १,००० केल्व्हिन, म्हणजे ७३० अंशांपर्यंत जाते. प्रत्यक्षात सिलिंडरच्या भिंती काही उष्णता पळवतात, म्हणून खरा आकडा शंभर-दीडशे अंशांनी कमी येतो. तरीही डिझेल पेटायला तो पुरून उरतो.

येथे एक कोडे आहे, आणि वर्गात ते विचारले की हमखास गोंधळ उडतो. पेट्रोल हे डिझेलपेक्षा जास्त ज्वालाग्राही, हे सर्वांना माहीत असते. मग दाबाने आधी पेट्रोल पेटायला हवे ना? येथे दोन वेगळे गुण एकमेकांत मिसळले जातात. बाहेरची ठिणगी दाखवली असता पेटण्याइतकी वाफ कोणत्या तापमानाला तयार होते, हा एक गुण. पेट्रोलच्या बाबतीत हे तापमान शून्याखाली सुमारे ४० अंश आहे. डिझेलच्या बाबतीत ते, भारतीय मानकाप्रमाणे, निदान ३५ अंश तरी असावे लागते. ठिणगी न दाखवता, केवळ उष्णतेने इंधन आपणहून केव्हा पेट घेते, हा दुसरा गुण. त्यात डिझेल पुढे आहे. त्याचे लांब साखळीचे रेणू उष्णतेने लवकर तुटतात आणि पेट घेतात. पेट्रोल तर मुद्दाम असे बनवलेले असते की ठिणगी येईपर्यंत त्याने दम धरावा. म्हणूनच डिझेलच्या गाडीत चुकून पेट्रोल भरले तर इंजिन बिघडते, आणि पेट्रोलच्या इंजिनात नुसते आकुंचन वाढवून त्याचे डिझेल इंजिन करता येत नाही. बदलायचे तर सगळे इंजिनच बदलावे लागते.

या इंजिनाचा जनक रुडॉल्फ डिझेल. जर्मनीत ऑग्सबर्ग येथे १८९७ साली त्याच्या इंजिनाने इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे २६ टक्क्यांचे कामात रूपांतर करून दाखवले. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या मानाने हा आकडा थक्क करणारा होता.

आता मालकाच्या पहिल्या विधानाकडे वळू : ओढ वाढली.

ओढ म्हणजे काय, हे नीट ठरवल्याशिवाय वाद मिटत नाही. इंजिनाचा दांडा ज्या जोराने पिळला जातो त्याला पुस्तकात बलआघूर्ण म्हणतात, गॅरेजमध्ये टॉर्क म्हणतात. आपण त्याला पीळ म्हणू. शक्ती ही पीळ आणि फिरण्याचा वेग यांच्या गुणाकाराइतकी असते. जुन्या जीपचे पेट्रोल इंजिन ६० अश्वशक्तीचे. बी-२७५ ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन साधारण ३५ अश्वशक्तीचे. एवढेच वाचले तर इंजिन बदलणारा वेडा ठरतो. पण ट्रॅक्टरच्या इंजिनाची ही ३५ अश्वशक्ती मिनिटाला अवघ्या १,८७५ फेऱ्यांवर मिळते. आकडे मांडून पाहा : ३५ गुणिले ७४६, म्हणजे २६,११० वॅट. १,८७५ फेरे म्हणजे सेकंदाला १९६ रेडियन. भागाकार केला की पीळ येतो सुमारे १३३ न्यूटन-मीटर. हाच हिशेब पेट्रोलच्या ६० अश्वशक्तीला आणि ४,००० फेऱ्यांना लावला तर १०७ न्यूटन-मीटर येतात. झाले, डिझेल जिंकले!

पण थांबा. ही तुलना प्रामाणिक नाही. पेट्रोल इंजिनाचा पीळ ४,००० फेऱ्यांवर उतरलेला असतो. त्याचा सर्वांत जास्त पीळ २,००० फेऱ्यांच्या आसपास मिळतो आणि तो १४२ न्यूटन-मीटर असतो. म्हणजे समान वेगाला दोन्ही इंजिने जवळजवळ तुल्यबळ आहेत, किंबहुना पेट्रोलच काकणभर सरस आहे. मग प्रत्यक्ष चालवणाऱ्याला डिझेलची ओढ जास्त का वाटते? हजारो चालक खोटे बोलत नसतात.

याचे उत्तर इंजेक्शन पंपाला जोडलेल्या एका साध्या यंत्रात आहे. त्याला गव्हर्नर म्हणतात. वॉटने वाफेच्या इंजिनावर बसवलेले दोन फिरते गोळे तुम्ही चित्रात पाहिले असतील. इंजिन जोरात फिरले की गोळे बाहेर फाकतात आणि वाफ कमी करतात. डिझेलच्या पंपातही अशीच फिरती वजने असतात. मात्र इंजिन मंदावले की ती मिटतात आणि आपण होऊन जास्त डिझेल सोडतात. चढावर पेट्रोलची जीप संथ फेऱ्यांवर उभी केली आणि क्लच सोडला, तर झडप जेमतेम उघडी असते. इंजिनाला हवाच मिळत नाही आणि ते आचके देऊन बंद पडते. चालकाने वेळेवर पेडल दाबले तरच ते तगते. डिझेलच्या इंजिनात हवेच्या वाटेवर झडपच नाही. सिलिंडर नेहमी हवेने पूर्ण भरतो. वेग जरा घसरला की गव्हर्नर डिझेल वाढवतो आणि इंजिन तोल सावरते. चालकाचा पाय पेडलवर नसतानाही जीप चढ चढू लागते. चालकाला जी 'ओढ' जाणवते ती बरीचशी या गव्हर्नरची चलाखी असते.

ही चलाखी डोंगरवाटेवर किती उपयोगी पडते ते पाहा. जीपच्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.८, मागच्या आसाचे ५.३८ आणि चार चाकांना शक्ती वाटणाऱ्या जादा पेटीचे संथ गुणोत्तर २.४६. तिन्हींचा गुणाकार सुमारे ३७. इंजिन मिनिटाला ७०० फेऱ्यांवर संथ चालले तर चाक मिनिटाला १९ फेरे घेते. चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर धरा. जीपचा वेग ताशी अडीच किलोमीटर येतो, आपल्या चालण्याच्या निम्मा. या वेळी इंजिन समजा १०० न्यूटन-मीटर पीळ देत असेल, तर घर्षणात पाचवा हिस्सा गेला असे धरूनही चाकांपाशी जवळजवळ साडेआठ हजार न्यूटन बल मिळते. भरलेली जीप १,६०० किलोची असेल, तर हे तिच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त झाले. चिखलात, नदीच्या पात्रात, दगडगोट्यांवर याहून अधिक काय हवे? मात्र हेच बल जुन्या आसावर, त्याच्या दातेरी चाकांवरही पडते. ट्रॅक्टरचे इंजिन बसवल्यावर मागचा आस तुटण्याचे कारण बहुधा इंजिनाची ताकद नसते, तर अडकलेल्या चाकाशी न थांबता झगडणारा हा गव्हर्नर असतो.

ओढीची किंमत वेगात मोजावी लागते. टॉप गिअरमध्ये इंजिनाच्या ५.३८ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा होतो. इंजिन ४,००० फेऱ्यांनी फिरले तर जीप ताशी ९८ किलोमीटर जाईल. ट्रॅक्टरचे इंजिन २,००० फेऱ्यांच्या पुढे न्यायचे नसेल, तर वेग बरोबर निम्मा, म्हणजे ४९ किलोमीटर. चारोटी नाक्यापासून मनोरपर्यंत अहमदाबाद महामार्गावर, दोन्ही बाजूंनी भरधाव ट्रेलर जात असताना, ४९ किलोमीटरने चालणारी जीप हा एक धोकाच आहे. म्हणून जाणते लोक अधिक फेऱ्यांचे, गाडीसाठीच घडवलेले डिझेल इंजिन निवडतात, किंवा मागच्या आसाचे गुणोत्तर कमी करतात. दुसरा उपाय केला की डोंगरातली ओढ त्याच प्रमाणात घटते. दोन्ही हातांत लाडू येथे मिळत नाहीत.

आता दुसरे विधान : खर्च निम्मा. जव्हार हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. पालघरहून १,६०० किलोची जीप तेथे नेताना गुरुत्वाकर्षणाविरुद्ध किती काम होते? १,६०० गुणिले ९.८ गुणिले ४५०, म्हणजे सुमारे ७० लाख ज्यूल. एक लिटर डिझेल जळले की जवळजवळ ३६० लाख ज्यूल उष्णता मिळते, एक लिटर पेट्रोलपासून ३२० लाख. डिझेल जड असल्यामुळे हा दहा-बारा टक्क्यांचा फायदा लिटरमागे फुकटच मिळतो. खरा फायदा इंजिनाच्या कार्यक्षमतेत आहे. जास्त आकुंचनामुळे तप्त वायूंना प्रसरण पावायला जास्त वाव मिळतो आणि त्यांच्याकडून जास्त काम काढून घेता येते. जुने पेट्रोल इंजिन रस्त्यावर २० टक्के आणि डिझेल ३० टक्के कार्यक्षम धरा, दोन्हीकडे गिअर व आसांत १५ टक्के नुकसान धरा. मग केवळ ही उंची चढायला पेट्रोल १.३ लिटर लागेल आणि डिझेल पाऊण लिटरहून किंचित जास्त. सपाटीवर, अर्ध्यामुर्ध्या ओझ्याने जाताना तर फरक आणखी वाढतो. पेट्रोलच्या इंजिनाला तेव्हा अर्धवट मिटलेल्या झडपेतून हवा ओढून घेण्यातच शक्ती खर्चावी लागते. तेव्हा लिटरच्या हिशेबात मालकाचे म्हणणे बरेचसे खरे. रुपयांच्या हिशेबात ते कर आणि भाव यांवर ठरते. २०१४ मध्ये डिझेलचा भाव सरकारी नियंत्रणातून मुक्त झाला, आणि पूर्वी दोन्ही इंधनांच्या भावांत असलेली मोठी दरी त्यानंतर बरीच अरुंद झाली. महिन्यातून चार दिवस बाहेर पडणाऱ्या जीपमध्ये इंजिन बदलण्याचा खर्च आज कधी भरून निघेल, याचा हिशेब आधी कागदावर करावा हे बरे.

आता ती तिसरी गोष्ट. 'डिझेलमध्ये दाब जास्त, म्हणून उतारावर इंजिन गाडीला जास्त धरून ठेवते,' असे पुष्कळ चालक मानतात. हे चूक आहे, आणि चूक का आहे ते समजून घेणे महत्त्वाचे आहे. दट्ट्याने हवा दाबली की हवा स्प्रिंगसारखी आकसते. तिच्यात साठलेली ऊर्जा दट्ट्या खाली येताना ती जवळजवळ सगळी परत करते. दिले तेवढे घेतले, शिल्लक थोडी. पेट्रोलच्या गाडीत पेडल सोडले की झडप मिटते आणि दट्ट्याला दर खेपेस अर्धवट निर्वातातून हवा ओढावी लागते. हे काम परत मिळत नाही, आणि तेच गाडीला मागे धरते. डिझेलमध्ये झडप नाही, म्हणून ही धर नाही. याच कारणाने मोठ्या ट्रकना धुराच्या नळीत वेगळी झडप बसवून धुराची वाट कोंडावी लागते. इंजिन बदललेली जीप पूर्वीपेक्षा जड असते, तिच्या इंजिनाची धर कमी असते, आणि ब्रेक मात्र जुनेच, लहान ड्रमचे राहतात. जव्हारहून खाली येताना दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश उतरायचे, आणि इंजिन बदलण्याच्या अंदाजपत्रकात पहिली रक्कम ब्रेकसाठी राखून ठेवायची. प्रत्यक्षात ती शेवटी, उरली तर खर्च होते.

प्रत्यक्ष बसवण्याच्या कामात सर्वांत नाजूक जागा म्हणजे इंजिन आणि गिअरपेटी यांचा सांधा. नव्या इंजिनाची भोके जुन्या गिअरपेटीच्या घंटेसारख्या आवरणाशी जुळत नाहीत. म्हणून मध्ये जाड पोलादी किंवा अॅल्युमिनियमची चकती बसवतात. चकतीला भोके पाडणे सोपे. पण इंजिनाच्या दांड्याचा अक्ष आणि गिअरपेटीच्या दांड्याचा अक्ष एका रेषेत यायला हवेत, आणि तेही मिलिमीटरच्या एक दशांशाच्या आत. एवढी जाडी म्हणजे डोक्याचा एक-दीड केस. डोळ्याने हे समजत नाही. फ्लायव्हीलवर डायल गेज बसवून, इंजिन हाताने एक पूर्ण फेरा फिरवून काटा किती हलतो ते पाहावे लागते. 'चालते हो, बसेल आपोआप' म्हणणाऱ्या कारागिराकडे हे काम देऊ नये. अक्ष जुळले नाहीत तर क्लच झटके देतो, बेअरिंग ओरडू लागते आणि काही हजार किलोमीटरांत गिअरपेटी उघडावी लागते.

वजनाचे काय? डिझेलच्या सिलिंडरातला दाब जास्त, म्हणून त्याचे ओतकाम जाड, म्हणून ते जड. नवे इंजिन ७० किलोने जड आहे असे समजा. पुढचे पाटे किती खाली बसतील, हे इंजिन बसवण्यापूर्वीच कळू शकते : पुढच्या बंपरवर इंजिनाच्या शक्य तितक्या जवळ एका ७० किलोच्या माणसाला उभे करा आणि पट्टीने मोजा. उत्तर अगदी अचूक नसेल, पण पाट्यात एखादे पान वाढवायचे की नाही हे ठरवायला पुरेसे आहे.

थरथर हा आणखी एक त्रास. चार सिलिंडरांच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. ७०० फेऱ्यांवर म्हणजे सेकंदाला सुमारे २३ धक्के. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्के दिले की तो उंच जातो, तसे रबरी गादीवर बसवलेल्या इंजिनाचे आहे. गादीवर डुलण्याची त्याची स्वतःची लय या २३ च्या जवळ आली, तर आरसे, दिवे, चालकाचे दात सगळे एकदम वाजू लागतात. गादी इतकी मऊ हवी की इंजिनाची स्वतःची लय सेकंदाला १५-१६ आंदोलनांच्या खालीच राहील.

विजेची व्यवस्थाही बदलावी लागते. डिझेलचे इंजिन सुरू करताना त्याला जोरात फिरवावे लागते, आणि स्टार्टर सहज ३०० अँपिअर ओढतो. दीड मीटर लांबीच्या, ३५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेत या प्रवाहाने ०.२ व्होल्टच हरवतो. तीच तार ६ चौरस मिलिमीटरची घेतली तर १.३ व्होल्ट हरवतात आणि तार भाजून निघते. युद्धकाळातल्या जीप तर ६ व्होल्टच्या होत्या. तेवढ्याच शक्तीसाठी त्यांना दुप्पट प्रवाह लागेल, आणि त्याच तारेत चौपट उष्णता निघेल. म्हणून १२ व्होल्टची व्यवस्था हवीच. शिवाय काही जुन्या जीपचे वायपर पेट्रोल इंजिनाच्या निर्वातावर चालत. डिझेलमध्ये तो निर्वात नाही, हे आपण पाहिलेच. विजेचे वायपर बसवायला विसरलेल्या माणसाला त्याची आठवण जुलैमधला पालघरचा पाऊस करून देतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे वाहनात असा बदल परस्पर करता येत नाही; परिवहन कार्यालयाची परवानगी आणि नोंदणीत दुरुस्ती लागते. इंधन बदलले, इंजिनाचा क्रमांक बदलला आणि कागद जुनाच राहिला, तर अपघातानंतर विमा कंपनी प्रथम तेच दाखवते. धुराचाही विचार हवा. जुन्या डिझेल इंजिनाचा काळा धूर म्हणजे न जळलेल्या कार्बनचे बारीक कण, आणि ते थेट फुप्फुसात खोल जातात. झिजलेले, फवारा नीट न मारणारे इंजिन स्वस्तात मिळाले म्हणून बसवणे, हा शेजाऱ्यांवर अन्याय आहे.

शेवटी इंजिन सुरू करण्याविषयी. डिझेलच्या नळ्यांत हवा अडकली असेल तर इंजिन कितीही फिरवले तरी सुरू होत नाही. द्रव दाबला जात नाही, म्हणून पंपाचा दाब थेट फवाऱ्यापर्यंत पोचतो. हवा मात्र दाबली जाते. पंपाची सगळी मेहनत तो बुडबुडा गिळून टाकतो. सातपाटीच्या बंदरातल्या कोणाही नाखव्याला हे पुस्तकाशिवाय ठाऊक असते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, हातपंप मारून, बुडबुडे थांबून सलग डिझेल येईपर्यंत हवा काढावी लागते.

आणि सुरू झालेले इंजिन बंद कसे करायचे, याची तयारी सुरू करण्यापूर्वीच हवी. पेट्रोलच्या जीपमध्ये किल्ली फिरवली की ठिणगी जाते आणि इंजिन थांबते. येथे ठिणगीच नाही. डिझेल तोडण्यासाठी पंपाकडे जाणारी वेगळी ओढतार लागते. ती बसवली तरी एक धोका उरतो. भंगारातून आणलेल्या इंजिनाच्या कड्या झिजलेल्या असतील, तर वंगणाचे तेल सिलिंडरात शिरते आणि इंजिन त्यावरच चालू लागते. पंप बंद केला तरी ते थांबत नाही; गव्हर्नरचा या तेलावर ताबा नसल्याने वेग वाढतच जातो आणि इंजिन फुटू शकते. अशा वेळी तोडता येण्याजोगी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे हवा. म्हणून पहिल्यांदा इंजिन सुरू करताना हवेच्या नळीचे तोंड उघडे ठेवतात, आणि एक माणूस त्या तोंडावर गच्च बसेल एवढी सपाट फळी हातात घेऊन शेजारी उभा राहतो. तळहाताने तोंड झाकायचे नाही. ओढ इतकी असते की हात आत खेचला जातो.